थकबाकी सगळी दिवाणी, मग टीव्हीचीच फौजदारी का?

"टीव्ही बघायचा आहे ना? मग पैसे भरा. भरायचे नसतील तर कोर्टाची पायरी चढा. यात रडण्यासारखं काय आहे?"

गेल्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत हे वाक्य माझ्या कानावर आलं. बोलणारे गृहस्थ पंचवीस वर्षांपूर्वी पुण्याहून इंग्लंडला आलेले, सज्जन, मंडळाच्या कुठल्याही कामाला आधी हजर होणारे. कुणाच्या तरी ओळखीतल्या एका बाईला टीव्हीचं लायसन्स नसल्याबद्दल दंड झाला, त्यावरून विषय निघाला होता. रांगेतल्या तिघाचौघांनी लगेच माना डोलावल्या. "नियम म्हणजे नियम." "महिन्याला चौदा पाउंड, तेवढेही नसतील तर टीव्ही ठेवायचाच कशाला?" "आपण मुकाट भरतो ना? मग तिला का सोडायचं?" मी हातात ताट धरून गप्प उभी राहिले. त्या गप्प राहण्याचा मला अजून त्रास होतो, म्हणून आज लिहिते आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आधी नियम सांगायला हवा. ब्रिटनमध्ये कुठल्याही चॅनेलवरचा कार्यक्रम तो चालू असतानाच बघायचा असेल, तो रेकॉर्ड करायचा असेल किंवा बीबीसीचं आयप्लेअर वापरायचं असेल, तर घराला लायसन्स लागतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याची वर्षाची फी १७४ पाउंड ५० पेन्स झाली. त्या पैशावर मुख्यतः बीबीसी चालते. लायसन्सशिवाय टीव्ही बघितला तर 'कम्युनिकेशन्स ॲक्ट २००३'च्या कलम ३६३ खाली तो गुन्हा होतो. मॅजिस्ट्रेट १००० पाउंडांपर्यंत दंड करू शकतात, आणि तो दंड जाणूनबुजून थकवला तर प्रकरण तुरुंगापर्यंत जाऊ शकतं.

माझं सगळं भांडण त्या 'गुन्हा' या शब्दाशी आहे, फीशी नाही. हे आधीच स्पष्ट करते, कारण या विषयावर तोंड उघडलं की लगेच "म्हणजे तुम्हाला बीबीसी बंद पाडायची आहे" असा शिक्का बसतो. मला बीबीसी हवी आहे. २ ऑक्टोबर २०१७ ला बीबीसीची मराठी सेवा सुरू झाली, तेव्हा परक्या देशात बसून आपल्या भाषेतली बातमी वाचताना मला जो आनंद झाला, तो मी विसरलेले नाही. सरकारी अनुदानाच्या जोडीला याच लायसन्स फीचा पैसा वर्ल्ड सर्व्हिसला मिळतो. जाहिरातदारापुढे आणि मंत्र्यापुढे वाकावं न लागणारी प्रसारण संस्था हवी असेल तर लोकांनी तिला थेट पैसे द्यावेत, हे तत्त्व मला पूर्ण मान्य आहे. मी फी भरते आणि पुढेही भरेन. पण जी बाई भरू शकली नाही ती गुन्हेगार आहे, हे मला मान्य नाही. कधीच होणार नाही.

"पैसे न देता बघणं ही चोरीच," असं सांगितलं जातं. चोरी म्हणजे दुसऱ्याची वस्तू त्याच्याकडून जाणं. मी पाणी वापरलं तर टाकीतलं पाणी कमी होतं, वीज वापरली तर कुठेतरी कोळसा किंवा गॅस जळतो. तरीही या देशात पाण्याचं बिल थकलं तर ते दिवाणी देणं असतं. १९९९ च्या कायद्यापासून तर बिल थकलं म्हणून राहत्या घराचं पाणी तोडायलाही मनाई आहे. विजेचं आणि गॅसचं बिलही दिवाणीच. घरमालकाचं भाडं थकलं, बँकेचा हप्ता चुकला, सगळं दिवाणी. कौन्सिल टॅक्स, म्हणजे इथली घरपट्टी, चुकवणाऱ्यावर इंग्लंडमध्ये अगदी टोकाला तुरुंगाची तरतूद आहे (वेल्सने ती २०१९ मध्ये काढून टाकली), पण तो न भरणं हासुद्धा गुन्हा नाही. मग जी गोष्ट वापरल्याने कुणाच्याही वाट्याला कणभर कमी येत नाही, तिचीच थकबाकी तेवढी फौजदारी कशी? आणि ज्यांना हा 'चोरी' शब्द इतका पटतो, त्यांनी एवढं सांगावं की चोरी नेमकी कुणाची? कारण एखाद्या घरात बीबीसी कधीच लागत नसेल आणि संध्याकाळभर फक्त आपली मराठी वाहिनी थेट लागत असेल, तरी लायसन्स लागतंच. परदेशातली वाहिनी असो, उपग्रहावरून येवो की इंटरनेटवरून, ती प्रसारण चालू असताना बघितली की नियम लागू झाला. बीबीसीचा एकही कार्यक्रम न बघणारी सासू गुन्हेगार ठरू शकते. तिने बीबीसीचं काय चोरलं?

माझी मुलगी लेस्टरला विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. आमच्या घराचं लायसन्स आहे. नियम असा की ती लॅपटॉपवर थेट कार्यक्रम बघत असेल आणि तो लॅपटॉप फक्त स्वतःच्या बॅटरीवर चालत असेल, तर आमचं लायसन्स तिला पुरतं. चार्जर भिंतीला लावला की पुरत नाही. म्हणजे भारताचा सामना चालू आहे, अठरावी ओव्हर आहे, बॅटरी दहा टक्क्यांवर आली आहे. तिने टेबलाखाली वाकून प्लग लावला, तर त्या क्षणापासून ती कलम ३६३ च्या कक्षेत येते. हे मी रचलेलं नाही, विद्यार्थ्यांसाठीच्या अधिकृत माहितीत हा फरक दिलेला आहे. एखाद्या नियमाचं उल्लंघन कुठे सुरू होतं हे ठरवायला प्लगकडे बघावं लागत असेल, तर तो नियम फी ठरवायला ठीक असेल. त्यावर माणसाला दोषी ठरवणं ठीक कसं?

इथे थोडं मागे जायला हवं, कारण हा 'गुन्हा' आला कुठून ते आपल्या लोकांना चांगलं कळण्यासारखं आहे. आमच्या आजोबांच्या कपाटात, रेशनकार्डाच्या खाली, रेडिओच्या लायसन्सचं एक छोटं पुस्तक होतं. पोस्टाने दिलेलं. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे, पानावर तिकीट लागायचं आणि त्यावर शिक्का बसायचा. रेडिओला वर्षाला पंधरा रुपये, टीव्हीला पन्नास. रेडिओवर कापडी आच्छादन आणि कपाटात ते पुस्तक, अशी त्या घरातली व्यवस्था मला आठवते. त्या पुस्तकामागे १९३३ चा 'इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट' होता, आणि तो याच ब्रिटिश कायद्याच्या घराण्यातला. बिनतारी यंत्र बाळगणं हीच तेव्हा सरकारच्या परवानगीची बाब होती. इथे १९२२ मध्ये दहा शिलिंगांचं रेडिओ लायसन्स निघालं आणि १९४६ मध्ये दोन पाउंडांचं टीव्हीसह लायसन्स, तेही त्याच विचारातून. हवेतल्या लहरी सरकारच्या ताब्यात आणि त्या पकडणारं यंत्र घरात ठेवायला परवाना हवा, म्हणून विनापरवाना यंत्र ठेवणं हा गुन्हा. तो काळ गेला. आज ब्रिटनची स्वतःची राष्ट्रीय सांख्यिकी संस्था २००६ पासून या फीची गणना कर म्हणून करते. यंत्राचा परवाना केव्हाच मागे पडला, उरली ती फी. तिच्यासोबत परवान्याच्या जमान्यातली शिक्षा मात्र तशीच चिकटून राहिली आहे. भारताने १९८० च्या दशकाच्या मध्यावर ती पुस्तकं बंद केली. ज्यांच्याकडून आपण तो कायदा घेतला, त्यांनी त्यातला गुन्हा अजून सांभाळून ठेवला आहे, आणि आपले लोक त्याची बाजू घेऊन बोलतात.

आता ते चौदा पाउंड.

२०२५ च्या १७४ पाउंड ५० पेन्सला बारांनी भागलं की साडेचौदा येतात, हे बरोबर. पण पहिल्यांदा लायसन्स घेऊन मासिक हप्ता लावणाऱ्याला पहिल्या वर्षाची फी सहा महिन्यांत भरावी लागते. म्हणजे त्या दराने महिन्याला एकोणतीस. तिमाही हप्ता घेतला तर दर तिमाहीला सव्वा पाउंड जास्त. ज्याच्या खात्यात पैसे आहेत तो एकदम भरून मोकळा होतो आणि त्याला सर्वांत स्वस्त पडतं. ज्याच्याकडे नाहीत त्याला सुरुवातीलाच सर्वांत जड हप्ता. पुढे यात 'सिंपल पेमेंट प्लॅन' आणला गेला, पण तो आधीच अडचणीत आलेल्यांसाठी. सूट कुणाला? ७५ वर्षांवरच्यांना, आणि तीही २०२० च्या ऑगस्टपासून फक्त पेन्शन क्रेडिट हा गरीब वृद्धांचा भत्ता घेणाऱ्यांना. अंधांना निम्मी फी. वृद्धाश्रमात राहणाऱ्यांसाठी वेगळी सवलत. दोन मुलं घेऊन युनिव्हर्सल क्रेडिट या सरकारी भत्त्यावर जगणाऱ्या एकट्या बाईला काहीही नाही. लंडनच्या सर्वांत महाग घरातला माणूस जितके पाउंड भरतो तितकेच तिने भरायचे.

"एवढे नसतील तर टीव्ही ठेवायचाच कशाला?" या प्रश्नाने मला सर्वांत जास्त संताप येतो. मुंबईच्या चाळीत ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता, ते शेजाऱ्यांच्या दारात उभं राहून बघत मोठे झाले. माझ्या पिढीतले कितीतरी. दारात उभं राहणं काय असतं हे त्यांना माहीत आहे. आणि आज तेच लोक विचारतात की गरिबाच्या घरात टीव्ही हवाच कशाला? ज्या घरात बाहेर जेवायला पैसे नाहीत, मुलांना कुठल्या शिकवणीला पाठवायला पैसे नाहीत, थंडीत चार वाजता अंधार पडल्यावर बाहेर पडायला बसचं भाडं नाही, त्या घरातला टीव्ही ही चैन आहे? सार्वजनिक प्रसारण सर्वांसाठी आहे, असं सांगूनच ना ही फी घेतात? मग जिला त्याची सर्वांत जास्त गरज आहे, तिलाच ते बंद करा म्हणून सांगायचं?

पुढचं म्हणणं असं की उगाच बाऊ करू नका, शेवटी दंडच तर होतो, तुरुंगात कोण जातं? अलीकडच्या वर्षांत दंड थकवून तुरुंगात गेलेले लोक अगदी थोडे, हे खरं आहे. एकेकाळी वर्षाला लाखाच्या वर खटले होत, तेही बरेच खाली आले आहेत. पण खटला चालतो कसा हे रांगेतल्या किती जणांना माहीत होतं? समजा एक बाई आहे. दुपारी दार वाजतं. गळ्यात ओळखपत्र घातलेला माणूस उभा असतो. बीबीसीने ज्या कंपनीला वसुलीचं कंत्राट दिलं आहे तिचा तो माणूस. आतल्या खोलीत टीव्ही चालू आहे. तो माणूस आधी सांगतो की बोलायची सक्ती नाही, पण जे बोलाल ते पुरावा म्हणून वापरलं जाऊ शकतं. हे इंग्रजी वाक्य पोलिसांच्या मालिकांत ऐकलेलं असतं. प्रत्यक्षात दारात उभं राहून ऐकताना त्याचा अर्थ डोक्यात शिरेपर्यंत प्रश्न सुरू झालेले असतात. टीव्ही बघता का? शेवटचं कधी बघितलं? लायसन्स आहे का? ती खरं ते सांगते. फॉर्म पुढे येतो, ती सही करते. काही आठवड्यांनी पाकीट येतं. एकवीस दिवसांत गुन्हा कबूल आहे की नाही ते कळवा.

यापुढे जे घडतं ते कोर्ट म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर येतं तसं नसतं. २०१५ पासून इंग्लंड-वेल्समध्ये अशा प्रकरणांसाठी एकल न्यायाधीशाची पद्धत आहे. एक मॅजिस्ट्रेट, एक कायदा सल्लागार, समोर कागद. बाई तिथे नसते, फिर्यादीचा वकील नसतो, जनता नसते, पत्रकार नसतो. तिने पाकीट उघडलंच नाही, घाबरून फ्रिजवर ठेवून दिलं, तरी तिच्या अनुपस्थितीत निकाल लागतो. तिने नवरा आजारी असल्याचं, पैसे कुठे अडकले ते लिहून पाठवलं, तर ते फिर्यादीने वाचलंच असेल याची खात्री नाही. मार्च २०२४ मध्ये खुद्द मॅजिस्ट्रेट्सच्या संघटनेने या पद्धतीत सुधारणा मागितल्या, आणि त्यातली एक मागणी हीच होती की आरोपीचं म्हणणं प्रकरण पुढे जाण्याआधी फिर्यादीने बघितलंच पाहिजे. निकाल देणारे लोकच ही पद्धत सदोष आहे म्हणत असताना, आपण महाप्रसादाच्या रांगेत "नियम म्हणजे नियम" म्हणायचं?

आणि "दंडच तर आहे" म्हणणाऱ्यांनी दंडाचा हिशेब बघावा. दंड, त्यावर फिर्यादीचा खर्च, त्यावर 'व्हिक्टिम सरचार्ज', म्हणजे पीडितांसाठीचा अधिभार. या गुन्ह्यातला पीडित कोण, ते मला कुणी दाखवावं. एवढं भरल्यावर लायसन्स वेगळं घ्यायचंच. ज्या बाईकडे एकोणतीस पाउंड नव्हते तिच्याकडून शेकडो पाउंड काढायचे, याला कुठला शहाणा माणूस वसुली म्हणेल?

आपल्यासारख्या स्थलांतरितांसाठी याला आणखी एक धार आहे. ही शिक्षा पोलिसांच्या नोंदीवर सहसा चढत नाही. पण नागरिकत्वाच्या अर्जात कोर्टाने दोषी ठरवलं आहे का हा प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर खरं द्यावं लागतं. एवढ्यावरून अर्ज फेटाळतील असं नाही. तरी ती बाई तो रकाना भरताना काय सोसते, त्या रात्री तिला झोप लागते का, याचा विचार कुणी केला? पाण्याच्या थकलेल्या बिलासाठी तिला तिथे एक अक्षरही लिहावं लागलं नसतं.

मी इतका वेळ 'बाई' म्हणते आहे. ते सवयीने आलेलं नाही. या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांमध्ये वर्षानुवर्षं सत्तर टक्क्यांहून जास्त बायका आहेत. काही वर्षांच्या सरकारी आकडेवारीत तर इंग्लंड-वेल्समधल्या बायकांना सर्वांत जास्त वेळा ज्या गुन्ह्यासाठी दोषी ठरवलं गेलं, तो हाच होता. मारामारी नाही, दुकानातली चोरी नाही, टीव्ही. बायका पुरुषांपेक्षा जास्त लबाड असतात का? बीबीसीने स्वतः २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये या तफावतीची चौकशी केली आणि बायकांना मुद्दाम लक्ष्य केलं जात नाही असं सांगितलं. मी ते मान्य करते, मुद्दाम कुणी करत नसेल. पण कायद्याची रचनाच अशी आहे की जी दार उघडते ती आरोपी होते. दिवसा घरी कोण असतं? एकट्या पालकाचं घर बहुतेक वेळा कुणाचं असतं? आलेल्या माणसाशी कोण बोलतं? लायसन्स नवऱ्याच्या नावावर निघायचं होतं की भावाच्या, याने फरक पडत नाही. वापरणारी तू, दारात तू, सही तुझी, म्हणून खटला तुझ्यावर.

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण "आम्ही प्रामाणिकपणे भरतो, मग चुकवणाऱ्याला का सोडायचं?" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. दारावर आलेल्या त्या माणसाला वॉरंटशिवाय घरात पाऊल टाकायचा अधिकार नाही. त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायची सक्ती नाही, दार उघडायचीही नाही. ज्याला हे माहीत आहे तो पडद्याआडून बघतो आणि परत सोफ्यावर जाऊन बसतो. त्याच्यावर खटला उभा राहणं जवळपास अशक्य. सापडतं कोण? दारी आलेल्याला ताटकळत ठेवू नये, विचारलेल्याचं खरं उत्तर द्यावं, असं जिला आईने शिकवलं ती. पैसे असून हिशेबीपणे चुकवणारा सुटतो, आणि खरं बोलणारी अडकते. प्रामाणिक माणसाच्या नावाने या कायद्याचं समर्थन करणाऱ्यांनी सांगावं की इथे शिक्षा प्रामाणिकपणाला होते आहे की लबाडीला? शिवाय त्या दंडाने तुमच्या फीचा भार एका पेनीनेही हलका होत नाही. दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, बीबीसीला मिळत नाही.

शेवटचा बचाव जरा विचारी लोक करतात. शिक्षेची भीती काढली तर कुणी भरणारच नाही आणि बीबीसी बुडेल, असा. २०१५ मध्ये डेव्हिड पेरी या वकिलांच्या अहवालाने सध्याच्या पद्धतीत फौजदारी कारवाईच ठेवावी असं म्हटलं. २०२० मध्ये सरकारने पुन्हा लोकांची मतं मागवली, आणि जानेवारी २०२१ मध्ये निर्णय पुढे ढकलला. दोन्ही वेळा भीती तीच. पण या भीतीला अनुभवाचा आधार आहे का? इंग्लंडमध्ये चुकीच्या जागी गाडी लावणं हा पूर्वी गुन्हा होता. १९९१ च्या कायद्याने तो स्थानिक कौन्सिलच्या दिवाणी दंडाकडे सोपवायची वाट उघडली. तेव्हापासून लोकांनी पार्किंगचे पैसे भरणं सोडलं का? ज्याने इथे एकदा गाडी लावली आहे त्याला उत्तर माहीत आहे. पाण्याचं बिल थकलं तर पाणीसुद्धा तोडता येत नाही, तरी बहुतेक घरं बिल भरतात. स्कॉटलंडमध्ये कायदा हाच आहे, पण तिथे बीबीसी स्वतः खटले भरू शकत नाही. प्रकरण सरकारी फिर्यादीकडे जातं आणि कोर्टापर्यंत क्वचितच पोचतं. तिथेही बहुसंख्य लोक फी भरतात.

बाहेर बघा. इटलीने २०१६ पासून ही फी विजेच्या बिलात घातली, रक्कम कमी केली, आणि चुकवणाऱ्यांचं प्रमाण झपाट्याने घसरलं. जर्मनीत २०१३ पासून घरटी ठरावीक वर्गणी आहे. टीव्ही आहे की नाही हे बघायला तिथे कुणी दार वाजवत नाही. जपानमध्ये एनएचकेची फी न भरणं हा गुन्हा नाही, एनएचके दिवाणी दावा लावते, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ही व्यवस्था घटनेला धरून असल्याचं मान्य केलं. या तीन देशांतलं सार्वजनिक प्रसारण बुडालं का?

दिवाणी केलं तर दारात वसुली एजंट येतील, पतनोंद खराब होईल, गरिबाचे हाल वाढतील, असंही काही जण म्हणतात. ही चिंता खरी असेल तर तिचं उत्तर सोपं आहे. या रकमेसाठी घरातल्या वस्तू जप्त करायला कायद्यानेच मनाई करा, जशी पाणी तोडायला केली आहे. ज्यांना गरिबाच्या हालाची इतकी काळजी आहे त्यांनी तिला आरोपी करून ठेवायचं, आणि वर ते तिच्याच भल्याचं आहे असं सांगायचं, हे मला पटत नाही.

बीबीसीची सध्याची सनद ३१ डिसेंबर २०२७ ला संपते. पुढे फी राहणार की दुसरं काही येणार, यावर इथे भरपूर बोललं जाईल, आणि त्या सगळ्या मोठ्या चर्चेत हा प्रश्न पुन्हा "नंतर बघू" म्हणून बाजूला सारला जाईल, अशी मला भीती आहे. म्हणून आपल्या भागाच्या खासदाराला पत्र लिहा. मी लिहिलं आहे. त्यात मी एवढंच मागितलं आहे: कलम ३६३ मधला गुन्हा काढून टाका. फी ठेवा. थकली तर पत्र पाठवा, हप्ते बांधून द्या, पहिल्या वर्षाचे सहा महिने करू नका, बारा करा. युनिव्हर्सल क्रेडिटवरच्या घराला सूट द्या. हवं तर विजेच्या बिलात घाला. पण दुपारी दार उघडून खरं बोललेल्या बाईचं नाव आरोपी म्हणून कुठल्याही मॅजिस्ट्रेटच्या टेबलावर जाता कामा नये, आणि ज्यांचं गेलं आहे त्यांच्यावरचा दोष पुसून टाका.